झेनासकाकांचा पेला

हॅडलेट्स फेरी
८ जुलै १८००

प्रिय हिटी,

सोबत माझ्या 'जागल्या'चा शनिवारचा अंक आहे. तिसरं पान वाच. बाकीची मेणबत्त्या गुंडाळायला उपयोगी पडतील.

मला अजून अटक झालेली नाही.

तुला हसू येईल, पण मी फार मनाला लावून घेतलंय. अध्यक्षांविरुद्ध वाकडं छापलं की तुरुंग, हा कायदा होऊन दोन वर्षं झाली. तेवढ्यात आमच्या पक्षाचे संपादक ठिकठिकाणी आत गेले. एक गृहस्थ तर आत बसून निवडणूक जिंकले. लोक त्यांच्या नावानं पेले उचलतात, पोरांना त्यांची नावं ठेवतात. आणि मी? मी अध्यक्षांना गर्विष्ठ म्हणालो, इंग्लंडच्या राजाचा पोपट म्हणालो, मार्चमध्ये तर त्यांच्या पोटाच्या घेराबद्दलही लिहिलं. सरकारनं साधी दखल घेतली नाही. मागच्या महिन्यात मी स्वतः सरकारी वकिलांना अंक पाठवला, लेखाभोवती शाईनं चौकट काढून. सख्ख्या बहिणीचा नवरा जिल्ह्याचा तुरुंगाधिकारी असताना मला तुरुंग मिळू नये, याला काय म्हणावं?

पण आता मिळेल. शुक्रवारी आमच्या पक्षाचं चार जुलैचं, स्वातंत्र्यदिनाचं जेवण झालं, खानावळीमागच्या सफरचंदाच्या बागेत. बायका या जेवणांना नसतात म्हणून सांगतो: सोळा राज्यांचे सोळा पेले असतात. एकेकानं उठायचं, पेला उचलून चार शब्द बोलायचे, मग जयजयकार, मग तोफ. सोळा संपले की ज्याला हौस असेल त्यानं उठावं. कोण काय बोललं आणि त्यावर किती जयजयकार झाले, ते मी छापतो. लोक पेपरात आधी तेच वाचतात.

तर यंदा सगळ्यांत शेवटी कोण उठलं असेल? झेनासकाका ट्रस्क! आपल्या वरच्या आळीतले, इंग्रजांविरुद्ध लढून आलेले, कधी कुणाशी न बोलणारे. त्यांचे बोल असे:

"अध्यक्षांना राजा व्हायची हौस आहे. लोकांनी त्यांचा मुकुट उतरवावा. मुकुटाबरोबर डोकं आलं, तर आमची तक्रार नाही. (नऊ जयजयकार.)"

हे छापणाऱ्याला सरकार मोकळं सोडेल का? तुझ्या जॉथमना सांग, तुरुंगातली खिडकीची खोली माझ्यासाठी ठेवा. मी दोन सदरे भरून ठेवलेत.

तुझा भाऊ,
एनॉस


ऑर्म्सबरी तुरुंग
१५ जुलै १८००

बंधुराज,

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तुझी गत. खिडकीच्या खोलीत सध्या एक घोडेचोर आहे. तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो, म्हणून मला त्याला हलवायचं नाही.

सरकारी वकील गुरुवारी आमच्याकडे जेवायला होते. तुझं दुःख मला बघवेना, म्हणून मीच विषय काढला. ते म्हणाले, "मिसेस पेल, तुमच्या भावाला आम्ही मुळीच पकडणार नाही. संपादकाला आत टाकला की तो हुतात्मा होतो, मतं वाढतात. आणि तुमच्या भावाचं कोण मनावर घेतं? त्याला सात शिव्यांखेरीज आठवी येत नाही." एवढं बोलून त्यांनी घेवड्याच्या शेंगा परत मागून घेतल्या. मी वाढल्या. काय करणार, काकवी घालून मीच शिजवल्या होत्या आणि चांगल्या झाल्या होत्या.

पण तिसरं पान त्यांनी खिशातून काढलं आणि दोनदा वाचलं. या वेळी ते हसले नाहीत.

एनॉस, मला एक सांग. झेनासकाका असं बोलले? बाबांच्या अंत्यविधीला ते आले होते आणि पूर्ण दिवसात एकच शब्द बोलले होते, "थंडी." हा माणूस मुकुट, डोकं आणि तक्रार एका दमात कसा बोलेल?

जॉथम मजेत. त्यांचा गुडघा दुखतो.

हिटी


हॅडलेट्स फेरी
२ ऑगस्ट १८००

प्रिय हिटी,

हे तू दुसऱ्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

बुधवारी सकाळी अटकेचं वॉरंट घेऊन मार्शल आले. घोडा माझ्या छापखान्यासमोर थांबला. माझे हात शाईत बुडालेले होते. मी ते पुसले, चांगला कोट चढवला, पिशवी घेतली. भाषण तयारच होतं, गेली दोन वर्षं तयार आहे. दारात उभा राहून मी सुरुवात केली, "नागरिकहो!" रस्त्यावर त्या वेळी मार्शल, त्यांचा घोडा आणि शेजारच्या मिसेस डॉकेटची डुकरीण होती.

मार्शल म्हणाले, "बरं झालं भेटलात. झेनास ट्रस्कचं शेत कुठल्या बाजूला?"

आणि हिटी, मी सांगितलं.

पाणचक्कीपाशी डावीकडे वळा, म्हणालो. पुलाची एक फळी सैल आहे, तेवढी सांभाळा, असंही म्हणालो. ते आभार मानून गेले. मी कोट घालून दारात उभा. तासाभरानं ते परत आले. मागच्या घोड्यावर झेनासकाका होते, गवताच्या काड्या अजून सदऱ्याला चिकटलेल्या. कापणी चालली होती त्यांची. माझ्या दारावरून जाताना त्यांनी टोपीला हात लावला.

मी काय केलं? आत आलो, कोट काढला. पिशवीतले दोन सदरे परत खुंटीला टांगले.

ते आता तुझ्याकडे असतील. त्यांना नीट जेवायला घाल.

एनॉस

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. जेवणात फार गोंगाट होता.


ऑर्म्सबरी तुरुंग
६ ऑगस्ट १८००

एनॉस,

'गोंगाट होता' हे उत्तर नव्हे. आईच्या मुरांब्याची बरणी रिकामी झाली तेव्हाही तू असंच काहीतरी म्हणाला होतास, आणि मार मांजरानं खाल्ला.

झेनासकाका आले. खिडकीची खोली त्यांनी नको म्हटली. दाराजवळची घेतली. जॉथमना म्हणाले, "दार थोडं उघडं ठेवाल का? मी पळणार नाही." जॉथमनी कारण विचारलं. तेव्हा कळलं, की लढाईत इंग्रजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या खाडीत कैद्यांच्या जहाजावर चौदा महिने कोंडलं होतं. बंद दार त्यांना सोसत नाही. जॉथमनी दारात लाकडाचा ओंडका लावून ठेवलाय. कायद्यात बसतं का, मला माहीत नाही, आणि तू छापू नकोस.

आता ऐक. एक पान जुळवायला दीड दिवस लागतो, अक्षरांचे खिळे झिजलेत, डोळे गेले, हे रडगाणं तू मला दर पत्रात ऐकवतोस. जेवण शुक्रवारी दुपारी उशिरा सुटलं. शनिवारी पहाटे टपालवाल्यानं अंक उचलला. मग ते पान तू कधी जुळवलंस?

मी सांगते. गुरुवारी. जेवणाच्या आदल्या दिवशी. सगळ्यांचे बोल तूच लिहिलेस. तुझ्या पेपराला पत्रं लिहिणारे ते 'एक जुना शेतकरी' आणि 'सत्यप्रिय' तूच आहेस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तिघंही 'किंबहुना' फार वापरता.

आणि याहून वाईट सांगू? आठवडा आठवडा तू तुरुंगासाठी रडलास, अध्यक्षांच्या पोटावर स्वतःच्या नावानं लिहिलंस. पण खरंच तुरुंगात नेईल असं एक वाक्य सुचलं, तेव्हा तू त्याखाली म्हाताऱ्याचं नाव घातलंस. लढाईतला माणूस, त्याला कोण हात लावतंय, आणि बोलत नाही म्हणजे नाकारणारही नाही, हा तुझा हिशेब. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

त्यांचं निम्मं गवत शेतात कापून पडलंय, निम्मं उभं आहे. गाईला एका हिवाळ्याचा चारा तेवढाच. पाऊस आला तर कुजेल. तू काय करणार आहेस?

हिटी


हॅडलेट्स फेरी
१९ ऑगस्ट १८००

प्रिय हिटी,

सगळं खरं आहे. गुरुवारी जुळवलं. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी खाली माझं नाव जुळवलं होतं, आणि मग काढलं. मनात म्हणालो, म्हाताऱ्याच्या तोंडी जास्त शोभेल. चोर स्वतःला काय सांगत नाही?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काकांच्या शेतावर गेलो. निम्मं गवत कापायचं होतं. विळा, म्हणजे तो लांब दांड्याचा, मी शेवटचा धरला होता बाबा असताना. पहिल्या फटक्यात कुंपणाचा खांब कापला. दुसऱ्यात बूट. पण चार दिवसांत गवत कोठारात गेलं. शेजारच्या लोकांनी कुंपणावर कोपरं टेकून सगळं पाहिलं. इतका आनंद माझ्या पेपरानं त्यांना कधी दिला नव्हता. गाईची धार मात्र मिसेस डॉकेट काढतात. गाय मला जवळ येऊ देत नाही. तिनं 'जागल्या' वाचला असावा.

मग मी कबुली छापली. पहिल्या पानावर, मोठ्या खिळ्यांत: 'झेनास ट्रस्क यांच्या नावे छापलेले बोल त्यांनी उच्चारलेले नाहीत. ते मी, एनॉस व्हिपल यानं, जेवणाच्या आदल्या दिवशी रचले. अटक करायची तर मला करा.'

याचा परिणाम ऐक. शनिवारी दुपारी सतरा माणसं छापखान्यात आली आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. "काय मन आहे हो! म्हाताऱ्याला सोडवायला स्वतःवर आळ घेतला!" मी ओरडून सांगतोय, अरे बाबांनो, हे खरं आहे. ते म्हणतात, "बघा, अजून सोडत नाही!" तिघांनी तर शपथेवर सांगितलं की त्यांनी काकांना ते बोलताना स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांतला एक त्या दिवशी गावात नव्हता.

पाच वर्षं खोटं छापलं आणि लोकांनी मान डोलावली. आज एकदा खरं छापलं, तर एकही जण विश्वास ठेवेना.

खटल्यात मी साक्ष देणार आहे. तिथं तरी शपथ असते.

एनॉस


ऑर्म्सबरी तुरुंग
११ ऑक्टोबर १८००

एनॉस,

कोर्टातून तू तडक निघून गेलास, जेवायलाही थांबला नाहीस. डुकराचं मांस भाजून ठेवलं होतं. जॉथमनी दोन वाटे खाल्ले.

सरकारी वकिलांनी तुझे तीन अंक वाचून दाखवले आणि "मिस्टर व्हिपल, यांतलं खरं काय आहे, ते बोट ठेवून दाखवा" असं म्हटलं, तेव्हा लोक हसले. मीही हसले असते, पण तू खरोखरच बोट फिरवून शोधायला लागलास. शेवटी तू हवामानावर बोट ठेवलंस. तेव्हा मला रडू आलं. तुला सांगायचं नव्हतं, पण आलं.

आणि मग न्यायाधीशांनी काकांना विचारलं, "हे तुम्ही म्हणालात?" आणि ते उठून म्हणाले, "म्हणालो." सहा महिन्यांची शिक्षा!

तुला वाटतंय ते तुझ्यासाठी बोलले. तू कोण लागून गेलास त्यांचा? काल मी त्यांना मक्याची खीर दिली आणि समोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "काका, तुम्ही ते बोलला नव्हता. मग हो का म्हणालात?"

त्यांनी खीर संपवली. मग म्हणाले, "मी उठलो होतो, पोरी. दरवर्षी उठतो. नाही म्हटलं असतं, तर मी उठलोच नव्हतो असं झालं असतं."

"मग उठून बोललात काय?"

त्या जहाजावर त्यांच्या तुकडीतले नऊ जण मेले, एनॉस. गोळीनं नाही, तापानं आणि उपाशी राहून. सकाळी वरून हाक यायची, "मेलेले वर द्या," आणि हे त्यांना उचलून द्यायचे. त्यांची थडगी नाहीत. दर चार जुलैला काका शेवटी उठतात आणि नऊ नावं घ्यायला लागतात. पण तोवर सगळे प्यालेले असतात, दुसऱ्या नावाला तोफ उडते, आणि ते खाली बसतात. अशी सात वर्षं. म्हणाले, "व्हिपलचा पोरगा समोरच बसला होता, पेन्सिल घेऊन. मला वाटलं, हा तरी लिहून घेईल. पण त्यानं वर पाहिलंच नाही."

मला त्यांनी नावं सांगितली. मी तुला लिहून पाठवणार नाही. तू ये, समोर बस, आणि विचार. या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघ.

हिटी


हॅडलेट्स फेरी
२५ मार्च १८०१

प्रिय हिटी,

पाच महिने मी आलो नाही, आणि तू एका शब्दानं टोचलं नाहीस. ते टोचण्याहून वाईट होतं. मी काय काय कारणं काढली! निवडणूक, बर्फ, पुलाची फळी. खरं एवढंच, की सरकारसमोर छाती काढणाऱ्या मला त्या म्हाताऱ्यासमोर स्टुलावर बसायची भीती वाटत होती.

निवडणूक आम्ही जिंकली. गावात म्हणतात काकांच्या बोलांनी जिंकली. म्हणजे माझ्या. एका संपादकाला आयुष्यात याहून मोठं यश मिळत नाही, आणि मला ते गिळता येत नाही.

पण नव्या अध्यक्षांनी त्या कायद्याखाली आत गेलेल्यांना सोडलं, आणि काकांना आणायला गाडी घेऊन मीच आलो, ते तू पाहिलंस. वाटेत काय झालं ते तुला माहीत नाही. आठ मैल गेलो. मग मी गाडी थांबवली. म्हटलं, "काका, माफ करा." ते म्हणाले, "गवत तू कापलंस?" म्हटलं, हो. म्हणाले, "वाईट कापलंस." आणि थोड्या वेळानं, "पण कापलंस."

मग मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत नऊ नावं सांगितली. मी लिहून घेतली नाहीत. पाठ केली.

एनॉस


हॅडलेट्स फेरी
२२ जुलै १८०१

प्रिय हिटी,

अंक उशिरा निघाला, कारण या वेळी जेवणाआधी मी एकही खिळा जुळवला नव्हता. सवय नाही. लोक उठून काय बोलतात ते ऐकून मला धक्का बसला. गावचे डॉक्टरसाहेब नुसतं "हं, तर, स्वातंत्र्य!" म्हणून बसले. गेली पाच वर्षं मी त्यांना वक्ता करून ठेवलं होतं, त्यामुळे ते आता माझ्याशी बोलत नाहीत.

सोळा पेले झाले. मग हौशी लोक झाले. मी जाऊन तोफेवर बसलो. चेष्टा नाही, खरंच बसलो, नळीवर पाय सोडून. तोफवाला पेटती वात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, "काकांचं बोलून होण्याआधी उडवायची असेल तर माझ्यासकट उडव." काहींना ती कल्पना आवडली.

काका उठले. पेला उचलला. एकेक नाव घेतलं. आठ झाली.

नववं येईना.

ते उभे. पेला हातात, ओठ हलतायत.  आणि हिटी, ते नाव माझ्या जिभेवर होतं! कॅलेब रूट, बारीक आवाजाचा, गाणारा. मला फक्त तोंड उघडायचं होतं. आयुष्यभर मी लोकांच्या तोंडात शब्द घातले, तेव्हा कुणाला नको होते. आज एकाला हवा होता. पण त्यानं माझ्याकडे मागितला नव्हता. मी दातांखाली जीभ धरून बसलो. तोफ उन्हानं तापली होती, तेही सांगतो. किती वेळ गेला कोण जाणे. लोक पायांची चुळबुळ करायला लागले.

मग ते म्हणाले, "कॅलेब. कॅलेब रूट." आणि बसले.

कुणी जयजयकार केला नाही. कुणाला सुचलंच नाही. म्हणून मी छापलं ते असं: नऊ नावं, एकाखाली एक, आणि शेवटी 'जयजयकार: नाही.' माझ्या पेपरातला हा पहिला खरा मजकूर. चौघांनी पेपर बंद केला, कंटाळवाणा झाला म्हणून.

सोमवारी काका छापखान्यात आले. त्यांना वाचता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचलं. नावं ऐकताना ते मान हलवत होते. शेवटी 'जयजयकार: नाही' आलं तेव्हा थांबले.

"नाही?"

"काका, झाला नव्हता ना. आता मी होतं तेच छापतो."

त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, "माझ्या नावानं लिहिलंस तेव्हा नऊ घातले होतेस, कोर्टात ऐकलं मी. एकेकाला एक आला असता. तेवढं खोटं चाललं असतं, एनॉस."

मी काय करणार, सांग. मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर नेलं. भर दुपारी, एप्रनसकट. टोपी काढली, एकेक नाव घेतलं आणि नऊ वेळा ओरडलो, घसा फुटेस्तोवर. मिसेस डॉकेट बाहेर आल्या आणि डुकरिणीला आत घेऊन गेल्या. काका टोपी छातीशी धरून ताठ उभे होते, आणि नवव्याला तेही ओरडले.

मग आत येऊन मी दुरुस्ती जुळवली. शनिवारी निघेल, तुला आधी पाठवतोय:

'गेल्या अंकात झेनास ट्रस्क यांच्या पेल्यापुढे जयजयकार नाही असं छापलं होतं. ते चूक आहे. जयजयकार नऊ झाले. थोडे उशिरा.'

शब्द न् शब्द खरा आहे. वाटल्यास डुकरिणीला विचार.

एनॉस